ट्रॅकवर पेडल खाली गेलं. आता कोणतं ब्रेक ऑइल घालू?

प्रश्न : माझ्याकडे २०१९ची पोलो जीटी टीएसआय आहे. रोज चिंचवड ते हिंजवडी, दोन-तीन महिन्यांतून एकदा आई-बाबांना घेऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला, आणि वर्षातून दोनदा मित्रांबरोबर चेन्नईजवळच्या मद्रास ट्रॅकवर. गाडी ट्रेलरवर नेत नाही, चालवतच नेतो. गेल्या खेपेला पाचव्या लॅपला सरळपट्टी संपताना ब्रेक दाबला, तर पेडल मऊ होऊन जवळजवळ फरशीला टेकलं. भराभर पंप केलं, थोडं प्रेशर आलं, तरी गाडी बाहेरच्या मातीत गेलीच. कुणाला काही झालं नाही. अर्ध्या तासाने पेडल नेहमीसारखं लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी तशीच पुण्याला आणली. इथला गॅरेजवाला म्हणतो, 'ऑइल लेव्हलला आहे, पॅड अर्धे आहेत, काही झालेलं नाही.' गाडी घेतल्यापासून ब्रेक ऑइल बदलल्याचं मला आठवत नाही. एक मित्र म्हणतो डॉट ५ घाल, ४ पेक्षा ५ चांगलंच. दुसरा म्हणतो सगळ्यात महाग कॅस्ट्रॉल एसआरएफ एकदा घाल आणि विसरून जा. ऑफिस आणि ट्रॅक दोन्हीला एकच ऑइल चालेल का? किती दिवसांनी बदलू? स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप घ्यावेत का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : नवं ब्रेक ऑइल पडेपर्यंत आई-बाबांना घेऊन कुंभार्ली उतरू नका. तुम्ही विचारलेल्या सगळ्या प्रश्नांच्या आधी हे सांगणं मला भाग आहे. अर्ध्या तासात पेडल पूर्ववत झालं, म्हणून प्रकरण मिटलं असं तुम्हालाही वाटलं आणि गॅरेजवाल्यालाही. ते मिटलेलं नाही. कॅलिपरमधलं, म्हणजे चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागातलं, ऑइल उकळलं, त्यात वाफ झाली, गाडी थंड झाली तशी वाफ निवली. ऑइलमध्ये मुरलेलं जे पाणी उकळलं त्यातलं बरंचसं अजून आतच आहे. पुन्हा तेवढी उष्णता मिळाली की पेडल पुन्हा जाईल, आणि कुंभार्लीच्या वळणावर बाहेरच्या बाजूला मोकळी माती ठेवलेली नसते.

आधी झालं काय ते नीट पाहू, कारण चुकीच्या दुखण्यावर महागाचं औषध घेण्यात अर्थ नाही. ट्रॅकवर ब्रेक दोन तऱ्हांनी जातात आणि दोन्हींची खूण पायाला वेगवेगळी कळते. पॅड त्याच्या सोसण्यापलीकडे तापला की पेडल घट्टच राहतं. पाय जोर लावतो, पेडल दगडासारखं लागतं आणि गाडी मात्र थांबत नाही. ऑइल उकळलं की उलटं होतं. द्रव दाबून लहान होत नाही, वाफ होते. त्यामुळे तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी वाफेचे बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो, पेडल मऊ पडून खाली जातं आणि पंप केल्यावर थोडं वर येतं. तुम्ही जे लिहिलंय ते सरळसरळ हे दुसरं आहे. क्वचित व्हील बेअरिंगमधल्या खेळामुळे पॅड मागे ढकलले जातात आणि पहिल्यांदा पेडल खोल जातं, पण ते एका पंपात परत येतं. बेअरिंग तपासून घ्या, एवढंच. तुमच्या गाडीला मागे ड्रम आहेत, त्यांचं अॅडजस्टमेंट सैल असेल तरीही पेडल खोल लागतं, मात्र ते थंड गाडीतही लागलं असतं.

आता लेव्हलबद्दल. गॅरेजवाला खोटं बोलत नाही, पण लेव्हल सांगते ती एवढीच गोष्ट की गळती नाही आणि पॅड फार झिजलेले नाहीत. ऑइलची तब्येत तिच्यावरून कळत नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ब्रेक ऑइलं मुळात ग्लायकॉल ईथरवर आधारलेली असतात आणि त्यांना पाण्याची फार ओढ असते. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी ठेवलेल्या बारीक वाटेतून आणि ब्रेकच्या रबरी पाइपांतूनसुद्धा दमट हवेतलं पाणी हळूहळू आत शिरत राहतं. पुण्याचे पावसाळे, चिपळूणची हवा, वर चेन्नई. तुमच्या गाडीने इतकी वर्षं हेच प्यायलेलं आहे. टाकीत मात्र सगळं ठीकठाक दिसतं.

पाणी शिरल्याने नेमकं किती बिघडतं, त्याचे आकडे डब्यावरच असतात आणि ते वाचायला शिकलात तर मित्रांच्या अर्ध्या वादांचा निकाल लागेल. डॉट हे अमेरिकेच्या परिवहन खात्याचं मानक आहे आणि त्यात दोन उत्कलनबिंदू दिलेले असतात, कोरडा आणि ओला. कोरडा म्हणजे नव्या, सीलबंद डब्यातल्या ऑइलचा. ओला म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी शिरल्यानंतरचा. डॉट ३ला कोरडा किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ओला किमान १४० लागतो. डॉट ४ला २३० आणि १५५. डॉट ५.१ला २६० आणि १८०. हे किमान आकडे आहेत, चांगल्या कंपन्यांचं ऑइल याच्या वरच असतं. पण डॉट ४च्या रांगेकडे पुन्हा बघा. पाण्याचे जेमतेम चार टक्केही नाहीत आणि ७५ अंश गेले. तुमच्या गाडीतलं ऑइल आज त्या ओल्या आकड्याच्या आसपास असेल, कदाचित खालीही.

आणि ट्रॅकवर आपण त्याच्याकडून काय मागतो? तुमच्यासकट गाडीचं वजन पावणेबाराशे किलो धरू. १४० किलोमीटर वेगावरून ७० वर यायला जी ऊर्जा उतरवावी लागते, तेवढ्यात सुमारे २ लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला येईल. हे एका वेळचं. मद्रासचा एक लॅप ३.७१७ किलोमीटरचा, त्यात असे लहानमोठे ब्रेक अनेकदा, आणि पुढच्या दोन डिस्कवर त्याचा मोठा वाटा. डिस्कची उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑइलला पोचते. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही : ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नसतं. कॅलिपरमधलं ऑइल तिथेच बसून असतं, पेडल दाबलं की अगदी किंचित हलतं. म्हणजे सगळ्यात जास्त भाजलं जाणारं चमचा-दोन चमचे ऑइल दर लॅपला तेच असतं. थंड व्हायला ते वर टाकीपर्यंत जात नाही. म्हणून तर पहिले चार लॅप काही वाटलं नाही आणि पाचव्याला पेडल गेलं.

घाटाचा हिशेब वेगळा आहे, पण कमी नाही. ट्रॅकवर मार थोडा वेळ आणि जोराचा. घाटात तो हलका पण सलग. शिवाय गाडीत माणसं, डिकीत सामान. ब्रेकवर पाय ठेवूनच सबंध घाट उतरणारे रोज दिसतात आणि खाली आल्यावर चाकांतून येणारा तो जळका वासही ओळखीचा असतो. तुमची गाडी डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक आहे. गिअरचा दांडा टिपट्रॉनिकला, म्हणजे हाताने गिअर निवडायच्या खाचेत, घेऊन दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवा, उताराचं काम इंजिनला करू द्या आणि ब्रेक वळणाआधी थोडा, ठाम लावून सोडून द्या. नवं ऑइल पडल्यावरही हे करायचंच आहे.

आता डॉट ५. तुमच्या मित्राला सांगा की इथे ५ म्हणजे ४च्या पुढची पायरी नाही. डॉट ५ हे सिलिकोनचं असतं, पूर्णपणे वेगळं द्रव्य. ते पाणी शोषत नाही, हे ऐकायला छान वाटतं. पण सिस्टीममध्ये पाणी शिरायचं ते शिरतंच, आणि विरघळलं नाही तर ते खालच्या भागात, म्हणजे नेमकं कॅलिपरपाशी, सुटं साचतं. सुटं पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं आणि तिथे गंजही धरतो. त्यातून सिलिकोनमध्ये हवेचे बारीक बुडबुडे सहज अडकतात आणि ते थोडं दबतंही, त्यामुळे पेडल स्पंजासारखं लागतं. एबीएस असलेल्या गाडीत ते घालायचंच नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींत ते बरीच वर्षं होतं आणि वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांत काही जण ते वापरतात. तुमच्या पोलोत त्याचा एक थेंबही नको. ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही. दुकानात मात्र डॉट ५ आणि डॉट ५.१ शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि मागताना '५' एवढंच म्हटलं की काउंटरवरचा मुलगा हाताला लागेल तो डबा देतो. ५.१ हे ग्लायकॉलच्याच घरातलं, डॉट ४शी जमणारं आहे. डबा हातात घेऊन स्वतः वाचा.

दुसऱ्या मित्राचा सल्ला अर्धा बरोबर आहे. कॅस्ट्रॉल रिअॅक्ट एसआरएफ हे खरोखर अव्वल ऑइल आहे. कोरडा ३२० अंश तर इतरांचाही असतो, पण त्याचा ओला उत्कलनबिंदू २७० आहे आणि तिथे त्याच्या जवळपास येणारं मला दुसरं सुचत नाही. जड, ताकदवान गाडी घेऊन ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, जिथे एक किलोमीटरहून लांब सरळपट्टीनंतर जीव खाऊन ब्रेक लावावा लागतो, दिवसभर सेशन करणाऱ्याला मी हेच सांगेन. तुमच्या १०५ पीएसच्या पोलोला त्याची गरज नाही. आणि 'एकदा घाल आणि विसरून जा' हे तर कुठल्याच ब्रेक ऑइलला लागू होत नाही. एसआरएफही पाणी ओढतं, आणि जुनं ऑइल नीट न काढता वरून ओतलं तर एवढ्या महागाच्या द्रव्याचं साध्या डॉट ४मध्ये सरबत होतं. त्याची किंमत बाकीच्यांच्या कित्येक पट. तो पैसा ऑइल वेळच्या वेळी बदलण्यात आणि चांगल्या पॅडमध्ये घाला.

मग घालायचं कोणतं? मी तुमच्या जागी मोतुल आरबीएफ ६०० घेईन. ३१२ अंश कोरडा, २०५ ओला, डॉट ४शी जमणारं, आणि बाइकवाले ते सर्रास वापरत असल्यामुळे आपल्याकडे मिळायला त्रास नाही. एटीईचं टाइप २०० मिळालं तर तेही उत्तम : २८० आणि १९८. रस्ता आणि ट्रॅक यांच्या मधलं म्हणून ते मला आवडतं. आरबीएफ ६६० घेऊन तुम्हाला फारसं काही मिळणार नाही. कोरडा आकडा थोडा वर जातो, ओला जवळजवळ तोच राहतो. रेसिंगचं ऑइल ओलं झालं की साध्यापेक्षाही वाईट, असं बरेच जण ठासून सांगतात. आकड्यांत तसं दिसत नाही. ओल्या आरबीएफ ६००चे २०५ हे ओल्या डॉट ५.१साठी लागणाऱ्या १८०पेक्षा वरच आहेत. खरा फरक असा की कोरडे ३१२ तुम्ही ज्या दिवशी ओतता त्या दिवसापासून घसरायला लागतात, आणि पैसे तुम्ही त्या ३१२चेच मोजलेले असतात.

म्हणून तुमच्या 'एकच ऑइल चालेल का' या प्रश्नाचं उत्तर डब्यात नाही, तारखेत आहे. तुम्ही वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाता. दर खेपेच्या आधी पूर्ण ऑइल बदललंत तर गाडीत कधीच सहा-सात महिन्यांपेक्षा जुनं ऑइल राहणार नाही. हिंजवडीचा ट्रॅफिक, कुंभार्ली, मद्रास, सगळं त्याच एका ऑइलवर निभावेल. उलट हेच आरबीएफ ६०० तीन वर्षं ठेवलंत तर तुमचा गॅरेजवाला ओततो त्या साध्या, पण ताज्या डॉट ४पुढेही ते कमी पडू शकतं. ट्रॅकवर जाणं सुटलं, तर कंपनीने सांगितलेल्या ऑइलवर परत या आणि दोन वर्षांनी बदलत राहा. कोकणात फेऱ्या वाढल्या तर मी दरवर्षी बदला म्हणेन. सर्व्हिस बुकात दोन वर्षं लिहिलेलं असतं, आणि वॉरंटी संपून गाडी बाहेरच्या गॅरेजला जाऊ लागली की नेमकं हेच काम सगळ्यांच्या नजरेतून सुटतं.

एक बारकावा मात्र लपवत नाही. ईएसपीच्या, म्हणजे घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना फोक्सवॅगन पातळ डॉट ४ सुचवते. ईएसपीचा पंप आणि व्हॉल्व्ह एका सेकंदात अनेकदा उघडमीट करतात आणि गोठवणाऱ्या थंडीत जाड ऑइल त्यांना जड जातं. त्यासाठी उणे ४० अंशांवर जाडी मोजतात. डॉट ४ला १,८०० सेंटिस्टोकपर्यंत मुभा आहे, पातळ प्रकाराला ७५० पर्यंतच. रेसिंगची बहुतेक ऑइलं जाडसर बाजूला असतात. पुणे, चिपळूण आणि चेन्नईच्या हवेत हा फरक जाणवू नये. हिवाळ्यात स्पितीला जायचं ठरवलंत तर आधी पातळ डॉट ४ घालून मगच निघा.

आता काम कसं करून घ्यायचं. हे गाडीपाशी उभं राहून करून घ्या, कारण 'ऑइल बदललं' म्हणजे बऱ्याच ठिकाणी टाकीतलं काळं ऑइल सिरिंजने ओढून वर नवं भरणं असतं. त्याने टाकी स्वच्छ दिसते, कॅलिपरमधलं जळकं ऑइल जिथल्या तिथे राहतं. चारही चाकांच्या निपलमधून, म्हणजे ऑइल बाहेर सोडायच्या बारीक तोटीतून, जुनं बाहेर आलं पाहिजे. ५०० मिलीचे दोन सीलबंद डबे घेऊन जा. अर्धा उरलेला डबा कितीही घट्ट झाकलेला असो, तो वापरू देऊ नका; झाकण उघडल्यापासून त्यात पाणी शिरत असतं. आधी टाकीतलं जुनं ओढून काढायचं, नवं भरायचं, मग मॅन्युअलमधल्या क्रमाने एकेक चाक. निपलला पारदर्शक नळी लावायला सांगा आणि वाकून तिच्याकडे बघत राहा. पहिल्यांदा तपकिरी, गढूळ ऑइल येईल, पुढच्या चाकांना कदाचित मधूनमधून बारीक बुडबुडे दिसतील. मग रंग उजळत जाईल, आणि एका क्षणी नळीत डब्यातल्यासारखं स्वच्छ पिवळसर ऑइल अखंड धावू लागेल. त्यानंतरही थोडं जाऊ द्यायचं आणि मग निपल आवळायचं. मधल्या वेळात टाकी रिकामी होता कामा नये. एकदा का एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली की ती काढायला स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो.

कोकणात फिरलेल्या गाडीचे मागचे निपल गंजलेले असतात, विशेषतः वरची रबरी टोपी पडून गेली असेल तर. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि रिंग पानाच वापरायला सांगा. साध्या उघड्या पान्याने षटकोन गोल होतो, निपल तुटतं आणि दोनशे रुपयांच्या कामाचं नव्या व्हील सिलिंडरपर्यंत जातं. पंप करणाऱ्या पोराला पेडल फरशीपर्यंत दामटू नको म्हणावं. रोज पेडल जितकं जातं त्याच्या पलीकडे मास्टर सिलिंडरच्या (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) आत गंज आणि मळ बसलेला असतो, त्यावरून सील घासले की फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की झालं. बॉनेटवर किंवा मडगार्डवर ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता; रंग सोलून काढायला त्याला फार वेळ लागत नाही. आणि नाव ब्रेक ऑइल असलं तरी टाकीत पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल कुणाच्या हातून जाऊ नये यावर लक्ष ठेवा. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळे सील बदलावे लागतात.

काही गॅरेजात पेनासारखा मीटर टाकीत बुडवून 'पाणी किती' ते दाखवतात. तो ऑइलमधून वीज किती वाहते त्यावरून अंदाज बांधतो, आणि तोही टाकीतल्या ऑइलचा. लाल दिवा लागला तर बदला. हिरवा लागला म्हणून ट्रॅकवर जाऊ नका.

हे सगळं ट्रॅकच्या आठवडाभर आधी करा, निघायच्या आदल्या रात्री नको. चार-पाच दिवस शहरात चालवून पेडल घट्ट आहे ना, चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही ना, हे पाहता येतं. ट्रॅकवर प्रत्येक सेशनचा शेवटचा लॅप ब्रेकला जवळपास हात न लावता, रमतगमत काढा. गाडी पिटमध्ये आली की लगेच थांबवून ब्रेक दाबून धरू नका. वारा थांबला की डिस्कमधली साठलेली उष्णता कॅलिपरमध्ये चढत राहते, आणि कित्येकदा ऑइल उकळतं ते गाडी उभी राहिल्यावर. थोडी पॅडॉकमध्ये फिरवा, मग पी टाकून चाकाला दगड लावा. हँडब्रेक नको. पुढच्या सेशनला निघताना पहिलं पेडल कसं लागतं ते मनापासून तपासा. बोटभर जरी खोल गेलं तर त्या दिवसाचं ड्रायव्हिंग संपलं असं समजा, मित्र काहीही म्हणोत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परतीचा प्रवास. एक रिंग पाना, हातभर नळी, एक रिकामी बाटली आणि सीलबंद नवा डबा डिकीत असू द्या. शेवटच्या सेशननंतर गाडी गार झाली की पुढच्या दोन्ही कॅलिपरमधून थोडं थोडं ऑइल काढून टाका. दिवसभर भाजलेलं तेच असतं. दोघांना मिळून अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढे घरापर्यंत अकराशे-बाराशे किलोमीटरचा रस्ता आहे. गेल्या वेळी उकळलेल्या ऑइलवर तुम्ही तो सगळा रस्ता कापलात, हे वाचताना मला खरंच भीती वाटली.

पॅडविषयी तुम्ही विचारलं नाही, पण ऑइल सुधारलं की पुढची कमजोर कडी तीच निघेल. कंपनीचे पॅड रस्त्यासाठी बनलेले असतात. फेरोडो डीएस २५०० सारखे रस्ता-ट्रॅक दोन्ही सांभाळणारे पॅड पुढच्या चाकांना घातलेत तर फरक लगेच कळेल. ते थोडे किंचाळतील, अलॉयवर काळी धूळ जास्त बसेल. अस्सल रेसिंग पॅड मात्र रोजच्या गाडीत नकोत, सकाळी थंड असताना ते धड पकडतच नाहीत आणि चिंचवडच्या सिग्नलला तेच महागात पडेल. ईएसपी चालू ठेवून गाडी वळणात फेकत असाल तर ती स्वतःहून एकेका चाकाचा ब्रेक लावत राहते, त्याचीही उष्णता याच पॅडवर येते. म्हणून ती बंद करा असं मी म्हणणार नाही. वळणात थोडं सबुरीने शिरा.

राहता राहिले स्टीलच्या जाळीचे पाइप. रबरी पाइप दाबाखाली किंचित फुगतात, जाळीचे फुगत नाहीत, म्हणून पेडल टणक आणि नेमकं लागतं. उत्कलनबिंदू मात्र त्यांनी एक अंशानेही वाढत नाही, म्हणजे तुमच्या पाचव्या लॅपचं दुखणं त्यांनी बरं झालं नसतं. तेव्हा क्रम असा ठेवा : ऑइल या आठवड्यात, पॅड पुढच्या ट्रॅकच्या आधी, पाइप त्यानंतर जमले तर. आत्ताच्या रबरी पाइपांना वाकवून भेगा दिसल्या तर मात्र थांबू नका. पाइप बदलताना सगळं ऑइल निघतंच, म्हणून ते काम ट्रॅकआधीच्या ऑइल बदलाबरोबरच काढा, मजुरी एकदाच पडेल. बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून आणि चाक लोंबतं ठेवून पाइप कुठे ताणला जातो का, टायरला किंवा शॉकअपला घासतो का, ते गाडी जॅकवरून उतरवायच्या आधी स्वतः हात घालून बघा.